गारगाईच्या नकाशात बारीक पाइपाची रेघ कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईच्या पाण्यासाठी पालघर जिल्ह्यात वाड्याकडे बांधायच्या गारगाई धरणाची बातमी आपल्या अंकात आली, त्या संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या बाकड्यावर दोन तट पडले. एकजण म्हणाला, धरण लवकर बांधा, आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. दुसरा म्हणाला, लाखो झाडं तोडून पाणी आणण्यापेक्षा आधी गळती थांबवा. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी ३४ वर्षं मुंबईत चावीवाला होतो. मी म्हटलं, तुमचं दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, राहिलेलं मी पेपरात लिहितो. तेच लिहायला बसलोय. लांबलं तर कात्री लावा, फक्त सहा मिनिटांचा हिशेब पुढे येईल तो कापू नका.

चावीवाला म्हणजे किल्ल्या बनवणारा नव्हे. मुंबईत नळाला पाणी वेळेवर येतं म्हणतात, पण ती वेळ म्हणजे कुणीतरी रस्त्यावरचं झाकण उघडून खालचा व्हॉल्व्ह फिरवत असतो. आमची चावी छातीपर्यंत येणारी लोखंडी कांब असते. वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. पहाटे साडेचारला पहिलं झाकण. आधी त्याच्यावर पाय आपटायचा, म्हणजे आतली झुरळं पांगतात. मग चावी बसवायची आणि फेरे मोजायचे. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे, कुठला अर्ध्यावर अडतो, कुठली गल्ली चढावर आहे म्हणून तिला दहा मिनिटं आधी सोडायचं, हे सगळं डोक्यात. वहीत लिहिलेलं वेगळं असायचं, डोक्यातलं वेगळं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक चूक माझ्या हातून झाली. उशीर झाला होता, म्हणून व्हॉल्व्ह भराभर फिरवला. रिकाम्या पाइपात हवा असते, पाणी तिला ढकलत पुढे जातं. त्याला हळूहळू वाट दिली नाही तर आत धक्का बसतो, आम्ही त्याला पाण्याचा हातोडा म्हणायचो. पुढच्या वळणावरचा सांधा निखळला. रस्त्याची नदी झाली आणि एका वस्तीला दोन दिवस पाणी नाही. तिसऱ्या दिवशी तिथली एक म्हातारी आली, रिकामी बादली माझ्यापुढे ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धरणांच्या फायलींचं मला तसंच दिसतं. आधी वर्षानुवर्षं गंजलेल्या व्हॉल्व्हसारख्या हलत नाहीत, आणि एकदा हलल्या की भर्रकन सुटतात. १९९४ साली डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीनं मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे स्रोत सुचवले. त्यातलं मध्य वैतरणा २०१४ ला पुरं झालं, म्हणजे वीस वर्षांनी. गारगाई तसंच राहिलं. २०२० मध्ये झाडांचा विचार करून ते बाजूला ठेवलं, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं. मग पुन्हा गारगाईची फाइल वर आली. आता ती सुटायच्या बेतात आहे, आणि मला भीती आहे ती वळणावरच्या सांध्याची. तो सांधा मुंबईत नाही. तो वर आहे, शहापूर, वाडा, मोखाड्याकडे.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतो, कारण माझा जन्म शहापूर तालुक्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं माझी माणसं अजून राहतात. वडील मुंबईला जाणाऱ्या मोठ्या पाइपलाइनवर गस्तीला होते. रोज ठरलेला टप्पा चालायचा, सांधे बघायचे, कुठं पाझर दिसला, कुणी छेडछाड केली, की कळवायचं. आम्ही पोरं त्याच पाइपावरून चालत शाळेत जायचो. खालचा चिखल टळायचा. मे महिन्यात दुपारी अंगण तापून पाय ठेववत नसे, पण पाइप गार. त्याला घाम फुटायचा. बारीक बारीक थेंब, आम्ही तळवा फिरवून तोंडाला लावायचो. पाइपाच्या सावलीला शेळ्या बसायच्या. कान लावला की आतून सूं आवाज यायचा, दिवसरात्र, कधी न थांबणारा. एवढं पाणी पोटात घेऊन तो पाइप गावाच्या अंगणातून जायचा आणि गावाला विहीर फेब्रुवारीत तळाला.

गावाचा नळ म्हणाल तर एकच होता, पाइपावरचा हवेचा व्हॉल्व्ह. त्याचं पॅकिंग झिजलं की फवारा उडायचा. त्या फवाऱ्याखाली बायकांची रांग लागायची, आई त्या रांगेत. आणि तो फवारा दिसला की कळवायचं काम वडिलांचं. घरात यावर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. वडील संध्याकाळी घरी येऊन नुसतं म्हणायचे, "उद्या माणसं येतील." आई तेवढ्यावरून समजायची आणि रात्रीच्या रात्री घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून ठेवायची. पिंप, घमेलं, परात, पोरांची दप्तराची पत्र्याची पेटीसुद्धा एकदा भरली होती. दुसऱ्या दिवशी माणसं यायची, पॅकिंग बदलायची, आणि गाव पुन्हा ओढ्यातल्या डवऱ्यावर.

डवरा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओढा आटला की वाळूत हातानं खड्डा करायचा. तळाला ओल येते, मग वाटीभर पाणी साचतं. ते वाटीनं हंड्यात भरायचं आणि पुन्हा साचायची वाट बघायची. एक हंडा भरायला पाऊण तास. रात्री दोनला गेलं तर गर्दी कमी असते.

हे जुनं झालं म्हणाल. म्हणून आताचं सांगतो. माझी थोरली बहीण त्याच तालुक्यात दिलेली. सत्तरीची आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा टँकर आला. टँकरवाला घरोघर पाणी देत नाही, तो विहिरीत सोंडेसारखा पाइप सोडतो आणि टँकर रिता करून जातो. विहिरीच्या तळाचा गाळ ढवळून वर येतो. त्याच क्षणी वीस-पंचवीस पोहरे एकदम आत. दोऱ्यात दोऱ्या अडकतात, कठड्याला रेटारेटी. अर्ध्या तासात विहीर पुन्हा कोरडी आणि प्रत्येकीच्या हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी. ताईच्या सुनेनं त्यात तुरटी फिरवली, फडकं बांधून ठेवून दिलं. ताई पाइपलाइनकडे बोट करून म्हणाली, "तुज्या त्या पान्याला कसली एवढी घाई असतं रं? इथून जातं, जरा पन थांबत नाय." मी ३४ वर्षं पाणी सोडायची आणि थांबवायची नोकरी केलेला माणूस. मला उत्तर सुचलं नाही.

शहापूर तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात. १८९२ पासून तानसा, पुढे मोडकसागर, मग भातसा. शेजारी मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा, त्याच्या वर ऊर्ध्व वैतरणा. मुंबईच्या सातही तलावांचा मिळून साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि त्यातला निम्मा एकट्या भातसात. विहार नि तुळशी हे मुंबईतले दोन तलाव म्हणजे त्यापुढे घागरीशेजारी फुलपात्र. आणि या तालुक्याला दर उन्हाळ्यात टँकर. शहापूरच्या गावांसाठी आता पाणी आणायचं ठरलंय ते नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या भावली धरणातून. स्वतःच्या दारात भातसा-तानसा असताना शेजारच्या जिल्ह्यात घागर घेऊन जायचं. योजना चांगली आहे, वरून उताराने पाणी येईल, मला तिच्यावर टीका करायची नाही. पण तिची गरज का पडली, हे गारगाईची आखणी करणाऱ्यांनी टेबलावर लिहून ठेवावं.

गरज का पडली याचं कारण कुणाचा दुष्टपणा नव्हे, हे मी पाण्याच्या खात्यातला माणूस म्हणून सांगतो. कारणं सरळ आहेत. पहिलं, वरून येणारं पाणी कच्चं असतं. भांडुपच्या किंवा पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात पोचेपर्यंत ते पिण्याचं नसतं. दुसरं, मोठी लाइन दरीतून, सपाटीवरून जाते, कारण तिला उतारानं मुंबईला यायचं असतं. पाडे बसलेत माळावर, टेकाडावर. तिथं पाणी उचलून चढवावं लागतं. तिसरं, एवढ्या मोठ्या लाइनला जागोजाग भोकं पाडून जोडण्या दिल्या तर प्रेशर जातं आणि प्रत्येक जोडणी ही उद्याची गळती असते. कुठल्याही इंजिनीअरला विचारा, तो हेच सांगेल आणि तो खोटं बोलत नसेल. वाटेतल्या काही गावांना आणि ठाणे-भिवंडीला मुंबईच्या पाण्यातून वाटा मिळतो, हेही खरं आहे. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं. बाकीच्यांच्या वेळी अडतं, कारण ते धरण नि लाइन बांधून झाल्यावर मागायला येतात. बांधून झालेल्या लाइनला नंतर तोंड पाडणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नकोसं काम. कागदावर असताना तोंड ठेवायला मात्र पेन्सिल पुरते.

गारगाई अजून कागदावर आहे. म्हणून आत्ता लिहितोय.

आता सहा मिनिटं. मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं. शहापूर तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर होती. हिशेबाला तीन लाख धरा. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. तीन लाख गुणिले ५५, म्हणजे एक कोटी ६५ लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! दशलक्षात लिहिलं तर साडेसोळा. ३,९०० मधले साडेसोळा. अर्धा टक्कासुद्धा नाही. मला टक्के कळत नाहीत, मला वेळ कळते, म्हणून मी तो वेळेत बसवला. ३,९०० चोवीस तासांत, तर साडेसोळा किती वेळात? सहा मिनिटांत. अख्ख्या तालुक्याचं पिण्याचं पाणी म्हणजे मुंबईची रोजची सहा मिनिटं. मी एका व्हॉल्व्हचं झाकण उघडून, चावी लावून, फेरे मोजून पुन्हा झाकण बसवेपर्यंत त्याहून जास्त वेळ जायचा.

हाच हिशेब गारगाईला लावा. त्यातून रोज मिळायचं ४४० दशलक्ष लिटर म्हणजे मुंबईचं पावणेतीन तासांचं पाणी. त्यातला दीड टक्का वरच्या भागासाठी बाजूला काढला तर सुमारे साडेसहा दशलक्ष लिटर होतात. माणशी ५५ लिटरनं एक लाख १८ हजार माणसांचं ते पाणी. वाडा-मोखाड्याच्या धरणालगतच्या पाड्यांची तहान यात भागून उरेल. आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना या दीड टक्क्यानं काही कळणारसुद्धा नाही, हे मी त्यांना बाकड्यावर सांगितलं. ते म्हणाले, "मग देतात का नाही?" हाच प्रश्न मी आपल्यामार्फत पुढे ढकलतोय.

माझं मागणं तीन ओळींचं आहे, पण त्यातल्या एकेका शब्दाला अर्थ आहे म्हणून जरा फोड करतो. धरणाच्या भिंतीतच, मुंबईसाठी पाणी सोडायच्या दारापाशी, म्हणजे विमोचकाशेजारी, वरच्या गावांसाठी एक वेगळं छोटं तोंड ठेवा. तिथंच एक छोटं शुद्धीकरण केंद्र आणि पाणी उचलायचा पंप बसवा, आणि त्याचा खर्च धरणाच्या मूळ अंदाजपत्रकात घाला, नंतरच्या निधीत नको. हजारो कोटींच्या प्रकल्पात तो कोपऱ्यात मावेल. आणि तिसरं, जे सगळे विसरतात, वीजबिल. खेड्यातली नळयोजना पाण्याअभावी फारशी मरत नाही हो, ती वीजबिलावर मरते. पंप बसतो, टाकी बांधतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो, दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीची बिलाची थकबाकी होते, मीटर कापतात, टाकीत कबुतरं राहतात. अशा टाक्या मी मोजल्यात. रोजगारासाठी दिवाळीनंतर जी गावं निम्मी रिकामी होऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पंपाचं बिल कुठून भरणार? ते बिल आणि पंपावरच्या माणसाचा पगार मुंबईच्या पाणीपट्टीतून गेला पाहिजे. माझ्याही पाणीपट्टीतून. पाणी त्यांच्या डोंगरावरचं पितो, तर पंपाची वीज आमच्यावर, यात उपकार कसला?

आणि अट एक. धरणाच्या कामात घळभरणी म्हणतात ती वेळ येते, भिंतीत नदीसाठी ठेवलेली मोकळी जागा बुजवतात, तिथून पुढे पाणी अडायला लागतं. त्यानंतर कुणी कुणाचं ऐकत नाही, पाणी चढतंच. म्हणून घळभरणीच्या आधी एक पूर्ण उन्हाळा, म्हणजे मार्च ते जून, वरच्या पाड्यांच्या नळाला पाणी आलेलं दिसलं पाहिजे. धरण भरलेलं नसताना कसं येईल, असं विचारतील. नदीला तात्पुरती विहीर घाला, शेजारच्या मोडकसागरातून उचला, टाकी-पंप-पाइप तर तेच राहणार आहेत. ते चालवून दाखवा, मग घळ भरा. काम झाल्यावर नळ देऊ, हे वाक्य माझ्या वडिलांनीही ऐकलं होतं. ते गस्तीवरून निवृत्त झाले तेव्हा त्या वाक्याचं वय त्यांच्या नोकरीपेक्षा जास्त होतं.

गळतीवाल्या गृहस्थांसाठीही दोन शब्द. मुंबईत चढवलेल्या पाण्यातलं पाव भागाहून अधिक गळतीत नि चोरीत जातं, हे वेळोवेळी खुद्द महापालिकेच्याच आकड्यांत आलेलं आहे. तो पाव भाग गारगाईहून मोठा आहे. मग गळती थांबवा आणि धरण रद्द करा, एवढं सोपं का नाही? मी रात्रपाळीत गळती शोधणाऱ्यांबरोबर फिरलोय. एक लांब दांडी पाइपावर टेकवायची, दुसरं टोक कानाला. रहदारी थांबलेली पाहिजे म्हणून रात्री दोन-तीनला. पण दोन-तीनला त्या भागात पाणीच सोडलेलं नसतं, आणि पाणी नाही तर आवाज नाही. म्हणजे पाणी असतं तेव्हा गाड्या, गाड्या नसतात तेव्हा पाणी नाही. त्यात ही गळती म्हणजे एक मोठं भोक नव्हे. हजारो जुने सांधे, गंजलेल्या घरजोडण्या, काँक्रीटच्या रस्त्याखाली गेलेले फेरूल, म्हणजे मोठ्या पाइपावरची घरजोडणीची तोंडं, प्रत्येकातून करंगळीएवढी धार. एकेक बुजवत जायला पिढी जाते, आणि पाणी चालू-बंद होतं म्हणून बुजवलेल्या शेजारी नवी फुटते. म्हणून मी म्हणतो, गळतीचं काम धरणाच्या ऐवजी नव्हे, धरणाच्या आधीपासून आणि धरणाच्या नंतरही करायचं काम आहे. धरणाला मिळतो तसा नारळ-फीत याला मिळत नाही, एवढाच त्याचा दोष. मनोरीच्या समुद्राच्या पाण्याबद्दल मी काही बोलत नाही, ती वीज खाणारी गोष्ट आहे आणि मला त्यातलं कळत नाही.

धरण नकोच, असं मी का म्हणत नाही, हेही विचारतील. जून महिन्यात चावी फिरवलेला माणूस तसं म्हणू शकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये तलावांत पाच-सहा टक्के साठा उरला होता आणि मुंबईत १० टक्के कपात होती, हे आपणच पहिल्या पानावर छापलं होतं. कपात १० टक्के म्हणजे सगळ्यांना १० टक्के कमी, असं कागदावर. रस्त्यावर तसं नसतं. खालच्या सपाटीवरच्या इमारतींना टाकी भरायला चार मिनिटं जास्त लागतात, आणि भांडुप-घाटकोपरच्या डोंगरावरच्या शेवटच्या चाळीत पाणी पोचतच नाही. तिथल्या बायका मला व्हॉल्व्हपाशी येऊन विचारायच्या, "मामा, अजून दोन फेरे द्या ना." दोन फेऱ्यांत पाणी तयार होत नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत असायचं. तरी मी द्यायचो. त्या बायका आणि विहिरीवरची माझ्या बहिणीची सून यांच्यात भांडण लावून कुणाचं भलं होणार नाही. दोघीही पाइपाच्या टोकाला उभ्या आहेत, एक या टोकाला, एक त्या.

राहिली धरणासाठी उठणारी सहा गावं. ओगदा, खोडदा, पाचघर, तिळमाळ, फणसगाव आणि आमले. तानसा अभयारण्याच्या जंगलातली ही गावं आहेत, आदिवासींची. हा अनुसूचित भाग आहे, इथं १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला विचारावं लागतं, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे अडकलेत त्यांचा निकाल आधी लागायला हवा, कारण बुडणाऱ्या जमिनीचा कागदच नसेल तर मोबदला कशाचा? हे कायदे माझ्यापेक्षा वकिलांनी बोलावेत. मी एवढंच बघितलंय की कोयनेचे धरणग्रस्त धरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी आंदोलनाला बसतात. तिथं तर नातू बसतात. या सहा गावांना जिथं वसवाल, त्या नव्या गावठाणाच्या नकाशावर सगळ्यात आधी पाण्याची टाकी काढा, मग मंदिर नि समाजमंदिर काढा. धरणासाठी उठलेल्या माणसाला नव्या जागी टँकर लागला, तर त्याला काय सांगणार?

एक छोटी विनंती आपल्यालाही. धरणाच्या बातमीत आपण भिंतीची उंची छापता, खर्च छापता, झाडं छापता. पुढच्या वेळी प्रकल्पाचा नकाशा मिळाला तर तोही छापा, आणि मोठा छापा, माझी नजर आता अधू झालीय. नकाशे वाचायची मला सवय आहे. जाड रेघ म्हणजे मुंबईकडे जाणारा बोगदा, ती मला लगेच सापडेल. मी शोधणार आहे ती दुसरी रेघ, धरणापासून डोंगराकडे उलटी चढत जाणारी, बारीक, तीन-चार इंची पाइपाची. सापडली तर ताईला फोन करीन. नाही सापडली तर निदान संबंधित इंजिनीअर मंडळींपैकी कुणी आपल्या याच सदरात लिहावं, की ती कुठल्या पानावर आहे.

निवृत्त झालो त्या दिवशी चावी खात्यात जमा केली. घरी न्यायची परवानगी नसते, आणि घरी नेऊन करणार काय? पण पहाटे साडेचारला जाग अजून येते. तेव्हा खिडकीतून खालच्या रस्त्यावर नवा मुलगा झाकणावर पाय आपटताना ऐकू येतो. तो फेरे हळू फिरवतो. मी मोजतो.

आपला,
एक निवृत्त चावीवाला
भांडुप (पश्चिम)

(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)

ता. क. : आपल्या बातम्यांत 'दशलक्ष लिटर' लिहिता, ते ताईला कळत नाही. तिच्याकडचा हंडा १५ लिटरचा आहे. तिनं विचारलं म्हणून काढून दिलं : गारगाईचं रोजचं पाणी दोन कोटी ९३ लाख हंडे. ती म्हणाली, "आपल्याला घरात चार लागतात."